‘अजून एक होऊ द्या’ म्हणणाऱ्या सगळ्यांना, वारज्याहून एक खुलं पत्र

प्रति,
कुटुंब कल्याण खातं, महिला व बालविकास खातं, आणि हल्ली स्टेजवरून "एकावर थांबू नका" असं सांगणारे सर्वपक्षीय मान्यवर,

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत सत्यनारायण होता. तीर्थप्रसाद झाल्यावर एक पाहुणे बोलायला उभे राहिले, नाव नाही घेत, इलेक्शनच्या आसपास सगळ्यांच्याच सोसायटीत असे पाहुणे येतात. पहिली दहा मिनिटं पाण्याचे टँकर आणि पार्किंग, ते ठीक, आणि मग एकदम गाडी वळली ती आमच्या बेडरूमकडे. म्हणे जन्मदर घसरतोय, पुढे म्हातारेच म्हातारे उरणार, तरुण जोडप्यांनी एकावर थांबू नका, आता सरकार पण मनावर घेणारे, दुसऱ्या-तिसऱ्याला पैसे मिळतील अशी योजना येईल बघा. लोक हसले. दोन-तीन काकूंनी मान वळवून आमच्याच लाइनीकडे बघितलं, कारण सी विंगमधली एकेका मुलावर थांबलेली आम्ही सहाच्या सहा जोडपी तिथं ओळीनं बसलो होतो, आणि माझी सहा वर्षांची मुलगी, तोंडात शिरा, भर हॉलमध्ये विचारते, "आई, दुसऱ्याला पैसे मिळणार, मग पहिल्याला काय?"

पाहुणे पण हसले. उत्तर काही दिलं नाही. म्हणून म्हटलं तुम्हालाच लिहावं.

मी काही लोकसंख्येची अभ्यासक वगैरे नाही, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, पण हा विषय आमच्या घरात पिढीजात आहे असं म्हटलं तरी चालेल. माझी आई एएनएम होती, सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर, गावच्या भाषेत नर्सबाई. तिच्याकडे एक खादीची पिशवी होती, त्यावर तुमच्या खात्याचा लाल त्रिकोण छापलेला, आत कार्डं, गोळ्या, निरोधची पाकिटं, आणि खाली तळाला आमच्यासाठी घेतलेले शेंगदाणे. ती पिशवी अजून आहे. त्रिकोण धुऊन धुऊन गुलाबी झालाय, आई आता त्यात मेथी-कोथिंबीर आणते आणि मंडईत कुणाला कळत पण नाही की ही एके काळी सरकारी मोहीम होती.

लहानपणी मार्च महिना म्हणजे आमच्या घरात परीक्षेपेक्षा आईच्या टार्गेटचं टेन्शन. ऑपरेशनच्या केसेस इतक्या पाहिजेत म्हणजे पाहिजेत, मास्तर आणि तलाठ्यांच्या मागे पण तोच तगादा, आणि एकाच बाईची केस आपल्या खात्यावर लागावी म्हणून दोघंतिघं भांडायचे. १९९६ ला टार्गेट पद्धत बंद झाली तेव्हा आईने म्हणे देवापुढे साखर ठेवली होती.

आणि मग २००७ साली आमच्या सातारा जिल्हा परिषदेनं काय काढलं, आठवतंय का तुम्हाला? हनिमून पॅकेज! नवीन लग्न झालेल्या जोडप्यानं दोन वर्षं मूल होऊ दिलं नाही तर ५,००० रुपये, तीन वर्षं थांबले तर ७,५००. पेपरात फोटो, बाहेरच्या देशात बातम्या, आणि आई घरोघरी जाऊन सासवांना समजावतेय की अहो सूनबाईंना जरा थांबू द्या, सरकार पैसे देतंय. परवा मी तिला विचारलं, खरंच थांबले का गं लोक पैशासाठी? आई भाजी निवडत होती, वर पण बघितलं नाही, म्हणाली, "ज्यांना थांबायचं होतं ते थांबले, त्यांना पाच हजार वर मिळाले. जिची सासू ऐकणारी नव्हती तिला मी पन्नास हजार दिले असते तरी वर्षात पाळणा हलला असता. एक मात्र झालं, पोरींना घरात सांगायला एक कारण मिळालं, की सरकारनं थांबायला सांगितलंय."

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, पुढे येते त्याच्यावर.

म्हणजे बघा, १९५२ ला कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम काढणारा जगातला पहिला देश आपला. त्याच्या आधीपासून आपल्याकडे र. धों. कर्वे मुंबईत लोकांच्या शिव्या खात संततिनियमनाचं केंद्र चालवत होते, पुण्यात शकुंतला परांजपे हेच काम करत होत्या. नंतर आणीबाणी, १९७६-७७ च्या एका वर्षात ८० लाखांच्या वर नसबंद्या, आणि आपल्या महाराष्ट्रानं तर सक्तीच्या नसबंदीचं बिल विधिमंडळात पास पण करून टाकलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. मग २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीत, झेडपीत उभं राहता येणार नाही, २००५ च्या नियमांनी तिसरं असेल तर सरकारी नोकरी नाही. आमच्या नात्यातल्या एकाचं सदस्यपद तिसऱ्या मुलापायी गेलं, त्या पोराला अजून गावात सगळे गमतीनं 'मेंबर' म्हणूनच हाक मारतात.

आणि आता त्याच माइकवरून तिसरं पाहिजे. २०२४ च्या ऑक्टोबरात आंध्रचे चंद्राबाबू म्हणाले मुलं वाढवा, लगोलग तमिळनाडूच्या स्टालिन यांनी पण सामुदायिक लग्नात सोळा मुलांचा विषय काढला, डिसेंबरात नागपुरात मोहन भागवत म्हणाले २.१ च्या खाली जाऊ नये, तीन असावीत. आंध्रानं तर निवडणुकीतली दोन मुलांची अट पण काढून टाकली. साऊथवाल्यांचं दुखणं मला कळतं, खासदारांच्या जागा नव्यानं वाटल्या तर ज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचाच आवाज कमी होणार, हा अन्याय आहेच. पण त्याचा इलाज संसदेत करा ना राव, लेबर रूममध्ये काय करताय.

आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहेत, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगते. एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात तो टीएफआर, आणि लोकसंख्या आहे तेवढीच राहायला तो २.१ लागतो. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा २.०, महाराष्ट्राचा १.७, बिहारचा ३.० आणि सिक्कीमचा १.१. म्हणजे आपण महाराष्ट्रातले लोक खाली आलोय हे खरं. काळजी खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही, वीस-पंचवीस वर्षांनी माझ्या एकटीच्या मुलीच्या डोक्यावर चार म्हातारे असणार आहेत, दोन माझ्याकडचे दोन तिकडचे, आणि वर आम्ही दोघं, हे गणित मला रात्री झोपताना सुचतं.

फक्त पैसे देऊन मुलं वाढतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? कारण जगात हा प्रयोग करून झालाय, एकदा नाही दहादा.

ऑस्ट्रेलियाचा किस्सा ऐका, मला तो फार आवडतो. २००४ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारनं बजेटात जाहीर केलं की १ जुलैपासून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळामागे ३,००० डॉलर. त्यांचे अर्थमंत्री कॉस्टेलो म्हणाले एक आईसाठी, एक बाबांसाठी, एक देशासाठी. आता मे मध्ये घोषणा आणि जुलैत पैसे, म्हणजे ज्या बायका ऑलरेडी नवव्या महिन्यात होत्या त्यांनी काय केलं असेल? थांबल्या! ज्यांचं सिझेरियन किंवा कळा आणायची तारीख ठरलेली होती त्यांनी ती पुढे ढकलली. १ जुलै २००४ ला तिथं गेल्या तीस वर्षांतल्या कुठल्याही एका दिवसापेक्षा जास्त बाळं जन्मली. दोन अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशोब केला तर हजाराच्या वर बाळंतपणं जूनमधून जुलैत सरकवलेली निघाली. आपल्याकडे मुहूर्त बघून सिझर करतात तसंच, फक्त इथं पंचांग सरकारनं छापलं होतं. पुढची काही वर्षं तिथला दर वाढला पण, नाही असं नाही, २००८ ला दोनपर्यंत गेला, आणि परत उतरत उतरत आता दीडवर आलाय.

ही तारीख सरकवायची गोष्ट एकदा लक्षात आली ना की मग सगळीकडे तीच दिसायला लागते. स्वीडननं ऐंशीच्या दशकात असा नियम केला की पहिल्यानंतर ठरावीक महिन्यांच्या आत दुसरं झालं तर रजेचा पगार आधीच्या पूर्ण पगारावर मिळणार, मधे पार्टटाइम केलं असलं तरी. आधी २४ महिने, मग ३० महिने. बायकांनी साधा विचार केला, होऊ द्यायचंच आहे तर आत्ताच होऊ दे, आणि १९९० ला त्यांचा दर २.१ वर. जगभरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. १९९९ पर्यंत तोच दर १.५. कारण मधे मंदी आली हे एक, आणि जी बाळं पंच्याण्णवला यायची ती नव्वदलाच येऊन गेली होती हे दुसरं. आमच्या आयटीतल्या भाषेत सांगायचं तर पुढच्या क्वार्टरचा सेल याच क्वार्टरमध्ये दाखवला.

हंगेरीचं तर विचारूच नका. तिथं २०१९ ला सुरू केलं, लग्न झालेल्या जोडप्याला एक कोटी फोरिंटचं कर्ज, तीन मुलं झाली की कर्ज माफ, चार मुलं असलेल्या आईला आयुष्यभर इन्कमटॅक्स नाही. इतका पैसा जगात फार कमी देशांनी ओतला असेल. २०११ ला १.२ होता तो २०२१ ला १.६ च्या जवळ गेला, आपल्याकडचे पण काही लोक त्याची उदाहरणं द्यायला लागले, आणि २०२४ ला परत १.४ च्या आसपास. पोलंडनं २०१६ पासून मुलामागे महिन्याला ५०० झ्लॉटी द्यायला सुरुवात केली, पुढे ८०० केले, आणि त्यांचा दर २०१७ ला १.४५ होता तो आता १.१ वर आलाय. पण, आणि हा पण मोठा आहे, तिथली मुलांची गरिबी त्या पैशानं खरंच कमी झाली. म्हणजे योजना फेल नाही गेली हो, ती जे करू शकते ते तिनं केलं, तुम्ही तिच्यावर भलतंच काम टाकलं होतं.

कोरिया तर सगळ्यांना पाठच झालाय, २०२३ ला ०.७२, सोलमध्ये ०.५५, एक कंपनी तर मूल झालं की कर्मचाऱ्याला दहा कोटी वॉन देते, आणि दर किती वाढला तर २०२४ ला ०.७५. सिंगापूरची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे, सत्तरच्या दशकात 'दोनवर थांबा', १९८७ ला 'परवडत असेल तर तीन किंवा जास्त', २००१ पासून रोख बोनस, आणि २०२३ ला दर एकच्याही खाली. एकदा का दोन पिढ्यांना छोटं कुटुंब म्हणजे शहाणं कुटुंब हे पटलं की ते बजेटमधल्या एका ओळीनं नाही हो फिरत. तुम्हीच पटवलंय ते आम्हाला, माझ्या आईनं पिशवी घेऊन दारोदार जाऊन पटवलंय.

आणि सक्तीनं काय होतं तेही सांगून टाकते, रोमानियात १९६६ ला गर्भपातावर बंदी आणली, वर्षभरात दर १.९ वरून ३.७ वर, जवळपास डबल, आणि मग बायकांनी चोरून मार्ग शोधले, हजारो मेल्या, दर परत उतरला, १९८९ नंतर तिथले अनाथाश्रम जगानं टीव्हीवर बघितले. यावर जास्त बोलायची इच्छा नाही.

आता माझं सांगते. दुसरं का नाही.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री मी आणि नवरा मुलीच्या चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोबाला बसलो होतो. दुसरं हवं होतं, दोघांनाही, हे आधी लिहिते म्हणजे "हल्लीच्या मुलींना करिअर पाहिजे" हे वाक्य तुम्ही गिळून टाकाल. पानावर वर मुलीनं काढलेला हत्ती, खाली आमचे आकडे. फ्लॅटचा हप्ता, पाळणाघर ९,५००, तेव्हाची नर्सरीची फी वर्षाला ८५ हजार, गाडी, सासऱ्यांची औषधं. बाळंतपणाचा खर्च आम्ही लिहिला पण नाही, तो इन्शुरन्समधून निघाला असता. म्हणजे तुम्ही ज्या गोष्टीला पैसे देणार म्हणताय ना, जन्माला, ती आमच्या यादीतच नव्हती. नवऱ्यानं शेवटी आकड्यांच्या खाली रेघ मारली आणि म्हणाला, पैशाचं ओढूनताणून बसेल गं, पण सकाळी पावणेआठ ते संध्याकाळी सात याचं काय?

हाच तो प्रश्न. पैसे नाहीत असं नाही, माणूस नाही. पहिल्या वेळी आई होती. रिटायर झाली होती, वारज्याला येऊन अडीच वर्षं राहिली, बाबांना गावी एकटं सोडून, बाबा तिकडे पिठलं-भाकरी करून खायचे. आता तिचे गुडघे गेलेत, सासूबाई सासऱ्यांना सोडून हलू शकत नाहीत. फुकटात काम करणारी ती एक पिढी होती, साहेब, तिच्या जिवावर पुण्यातली अर्धी आयटी उभी आहे, आणि कुठल्याच बजेटात ती कधी दिसली नाही.

एक दिवस दाखवते तुम्हाला. मागचा जुलै, मंगळवार. सकाळी साडेसहाला मुलीचं अंग गरम, थर्मामीटरवर १०१. पाळणाघरवाल्या काकूंचा नियम आहे तापाचं मूल घेत नाही, बरोबरच आहे त्यांचं, बाकी अकरा पोरं आहेत तिथं. माझं रिलीज, नवऱ्याचा क्लायंट कॉल. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे, कुकरच्या शिट्ट्या, आणि हळू आवाजात भांडतोय की आज कुणाचा बॉस कमी ओरडेल. मुलगी दारात येऊन म्हणाली, "मी बरी आहे, मी जाते पाळणाघरात." क्रोसिन देऊन पाठवायचा मोह होतो अशा वेळी, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी राहिले घरी, लॅपटॉप मांडीवर, एका हातानं पट्ट्या ठेवतेय कपाळावर. अशा दिवसाला कुठला बोनस पुरणार आहे?

नवऱ्याला ती झाली तेव्हा पाच दिवस रजा मिळाली होती, कंपनीच्या कृपेनं. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस तरी आहेत, प्रायव्हेटमध्ये तर कायद्यानं शून्य. सहाव्या दिवशी तो ऑफिसला गेला तेव्हा माझे टाके पण निघाले नव्हते.

आणि आमच्यासाठी तुम्ही केलेला चांगला कायदा. २०१७ ला बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ केली, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक. ऐकायला मस्त. पण ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, न बसणाऱ्या आमच्यासारख्यांच्या त्या २६ आठवड्यांचा पगार द्यायचा कुणी, तर पूर्णपणे मालकानं. स्वीडनमध्ये हा पैसा सोशल इन्शुरन्समधून येतो, सगळ्या मालकांकडून गोळा होतो मग त्यांच्याकडे बाई असो नाहीतर बाप्या, म्हणून तिथं तिशीतली बाई ही कुणा एका मॅनेजरच्या डोक्याला ताप नसते. इथं? पहिली झाल्यानंतर मी नोकरी बदलायला गेले तेव्हा एका कंपनीत, टेक्निकल राउंड सगळे झाल्यावर, एचआरच्या मुलीनं गोड हसून विचारलं, "मॅम, फॅमिली कम्प्लीट आहे ना?" मी म्हटलं हो. तेव्हा ते खरं नव्हतं. पुढे खरं झालं, त्यात त्या प्रश्नाचा पण वाटा आहे असं मला वाटतं. तिच्यावर तरी काय रागवायचं, तिला वरून तसंच सांगितलं असणार.

आणि गंमत बघा, दोन मुलं असतील तर तिसऱ्याला त्याच कायद्यात रजा परत १२ आठवडे. म्हणजे स्टेजवरून तिसरं मागायचं आणि कायद्यात त्याला निम्म्याहून कमी. आधी आपल्या घरातले हे दोन आवाज एक करा, मग आमच्या घरात या.

आता तुमच्यातला कुणी हुशार माणूस म्हणेल, ठीक आहे, पाळणाघरं काढतो, बापाला रजा देतो, मग तरी वाढतील ना मुलं? इथं मला प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की त्याची पण गॅरंटी नाही. फ्रान्सनं हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या केलंय, पाळणाघरं, टॅक्समध्ये मुलं मोजणं, सगळं, आणि २०१० च्या आसपास त्यांचा दर दोनला टेकला पण होता, २०२४ ला १.६२. स्वीडन पण आता दीडच्या खाली. थोडाफार आधार मिळतो अशा सोयींनी, रोख पैशापेक्षा जास्त काळ टिकतो असं बरेच अभ्यासक म्हणतात, पण अशा सोयींच्या जोरावर २.१ वर परत नेऊन तिथंच टिकवून कुणी नाही दाखवलं. लोकांची आयुष्यंच बदललीत, लग्नं तिशीत होतायत, एक मूल नीट वाढवायचं म्हणजे काय याची व्याख्याच इतकी महाग झालीय. अॅबॅकस, फोनिक्स, स्विमिंग. आम्ही पण त्यातलेच, मी काही वेगळी नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे की जन्मदर वाढवायला म्हणून काहीही करू नका. जे काही करायचं ते जन्माला आलेल्यांसाठी करा, आकडा वाढला तर वाढला. माझ्या मुलीनं हॉलमध्ये विचारलं तेच मी विचारतेय, पहिल्याला काय? प्रधानमंत्री मातृवंदना आहे, पहिल्याला ५,०००, दुसरी मुलगी असेल तर ६,०००. लेक लाडकी आहे, पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांच्या मुलीला अठरा वर्षांपर्यंत मिळून एक लाख एक हजार. या चांगल्या योजना आहेत, आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या नातीचा लेक लाडकीचा पहिला हप्ता आला तेव्हा मीच तिचे कागद स्कॅन करून दिले होते. पण त्या मावशींची सून त्याच नातीला कडेवर घेऊन कामावर येते, कारण अंगणवाडी दुपारीच बंद होते आणि तीन वर्षांच्या आतलं मूल दिवसभर सांभाळणं हे तिचं कामच नाही. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलंय ना? मग आमच्या वारज्यात, कर्वेनगरात, जिथं शेकडो मावश्या रोज सकाळी पाच-पाच घरं करतात, तिथं ते एक तरी संध्याकाळी सहापर्यंत उघडं ठेवून दाखवा. आमच्यासारख्यांकडून फी घ्या, हरकत नाही, आम्ही देऊ. बाळंतपणाच्या रजेचा पगार एकट्या मालकाच्या माथी मारू नका, सगळ्यांकडून थोडा थोडा गोळा करा. बापाला सक्तीची रजा द्या, ऐच्छिक नको, ऐच्छिक कुणी घेत नाही, अप्रेझलच्या वर्षात तर नाहीच.

आणि प्लीज, एक धोका लक्षात घ्या. आपल्या राज्यात त्याच सर्वेक्षणात हजार मुलग्यांमागे ९१३ मुली जन्मल्या असा आकडा आहे. पोटातल्या बाळाचं लिंग बघण्यावर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं, १९८८ साली, तरी ही अवस्था. आपल्याकडे "अजून एक होऊ द्या" हे वाक्य फार घरांत "अजून एक चान्स घ्या" असं ऐकू येतं, आणि तो चान्स कशासाठी ते तुम्हालाही माहिती आहे. ज्या घरात दोन मुली आहेत तिथल्या बाईला आजपर्यंत निदान तुमच्या नियमाची ढाल होती. आईचं वाक्य आठवा, पोरींना घरात सांगायला एक कारण मिळालं. सरकारचा शब्द घरात शिरतो तो असा, पैशापेक्षा जास्त, सासू-सुनेच्या मधल्या जागेत जाऊन बसतो. सत्तर वर्षं तो शब्द सुनेच्या बाजूनं होता, निदान कागदावर तरी. आता तोच तुम्ही सासूच्या हातात देताय. परवाच्या सत्यनारायणानंतर आमच्या विंगमधल्या एकीला, दोन मुली आहेत तिला, सासूबाई लिफ्टमध्येच म्हणाल्या, "ऐकलंस ना, आता सरकारच म्हणतंय." ती मला नंतर पार्किंगमध्ये भेटली. काही बोलली नाही, स्कूटीची चावी सापडत नाही म्हणून पर्समध्ये बराच वेळ शोधत राहिली.

आईला हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, लांब झालंय, साहेब लोक एवढं वाचत नाहीत, आणि ते शेंगदाण्याचं काढून टाक. मी नाही काढलं.

उत्तर द्यायचं असेल तर संध्याकाळी साडेसातनंतर फोन करा. त्याच्या आधी मी चांदणी चौकात अडकलेली असते आणि काकू सात वाजता पाळणाघराला कुलूप लावतात.

आपली,
सी विंगमधली, एका मुलीची आई
वारजे, पुणे